तळ्याला आलेलं आजारपण

वऱ्हाडातल्या कारंजा लाडची जन्मकथाच दुखण्याची आणि पाण्याची आहे. करंज ऋषींना दुर्धर व्याधी जडली, त्यांनी अंबेचा धावा केला, देवीने देवळासमोर तळं निर्माण केलं आणि त्यात स्नान करून ऋषी बरे झाले. ही आख्यायिका ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरनेही नोंदवली आहे. ऋषी तलावाचं नाव गावात आजही आहे. पाण्याने माणूस बरा झाल्याची गोष्ट इतकी जुनी, पण पाण्यातला मासाच आजारी पडला तर काय करायचं, ही विद्या त्या मानाने अगदी अलीकडची.

वऱ्हाडातल्या तळ्या-नद्यांवर भोई समाजाने पिढ्यान् पिढ्या जाळं टाकलं. मासा आपसूक वाढायचा, फारशी दाटी नसायची. साथीला गर्दी लागते आणि परमुलखातून आलेलं बीजही तिला वाट करून देतं. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून त्यांचं बीज पूर्वी बंगालच्या नद्यांतून गोळा होऊन रेल्वेने दूरदूर जाई. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन हे मासे प्रजननाला आणले. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मुबलक झाली, तळी भरली. एका तळ्याचं दुखणं दुसऱ्या तळ्यात जायची वाटही तितकीच रुंद झाली.

मग लाल डागांचा रोग आला. 1971 मध्ये जपानात, 1972 मध्ये ऑस्ट्रेलियात दिसलेली ही साथ आग्नेय आशियातून सरकत 1988 मध्ये ईशान्य भारतात पोहोचली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर पसरली. सर्वांत जास्त झळ बसली ती मरळीला. आधी अंगावर तांबडा ठिपका, मग खवले गळून खोल व्रण, आत मांस उघडं. बाजारात लोकांनी मासळीच घेणं सोडलं आणि ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांचे हाल झाले. कारण उमगायला वेळ लागला. जिवाणू, विषाणू, शेतातली औषधं, सगळ्यांवर संशय गेला. अखेर बुरशीसारखा ‘अॅफॅनोमायसिस इन्व्हेडन्स’ हा जीव सापडला. तो जखमेतून शिरतो आणि थंडीत, 18 ते 22 अंशांच्या पाण्यात जोर धरतो.

तळ्यातल्या हजारो माशांना एकेक करून गोळी देता येत नाही. त्यामुळे उपचार तळ्यावरच करावा लागला. हेक्टरी सुमारे 200 किलो चुना हप्त्याहप्त्याने टाकायचा, हे त्यातलं सर्वांत स्वस्त आणि हाताशी असलेलं औषध. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने ‘सिफॅक्स’ हे द्रावण काढलं, तेही पाण्यातच मिसळायचं.

पण औषधाआधी नजर हवी, आणि ती काठावरच तयार होते. पहाटे सगळेच मासे वर येऊन तोंड उघडत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील, तर बहुधा प्राणवायू कमी पडला आहे. एखाददुसराच मासा काठाला रेंगाळतो, अंग दगडावर घासतो, तेव्हा त्याला हातात घ्यावं. कल्ल्याचं झाकण उचलावं. आतला रंग लालभडक हवा, फिका किंवा पांढुरका दिसला तर काळजी. खवल्यांवर मसुरीएवढा चपटा, पारदर्शक, सरकणारा ठिपका म्हणजे ‘अर्गुलस’, माशाची ऊ. ती अंडी कडक पृष्ठभागावर चिकटवते. म्हणून तळ्यात बांबू रोवून ठेवतात आणि अंडी धरली की काढून उन्हात वाळवतात. साध्या वस्तूतून निघालेला हा इलाज मला महागड्या बाटल्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

2013 पासून देशात जलचरांच्या रोगांवर पाळत ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे, 2023 मध्ये त्यासाठी मोबाईल अॅपही आलं. तरी पहिली खबर काठावरूनच मिळते. कारंज्याच्या परिसरात जो कोणी तळं धरून आहे त्याने माशावर पहिला तांबडा ठिपका दिसताच मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावं, मेलेला मासा पाण्यात न सोडता चुना घालून पुरावा आणि त्या तळ्यात वापरलेलं जाळं उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात टाकू नये.