ओढा!

स्कूटर मुळात आपल्या पावसासाठी जन्मलीच नाही. १९४६ साली इटलीत 'व्हेस्पा' आली. तिचा कर्ता कोर्राडिनो दास्कानिओ हा विमानविद्येतला इंजिनीअर. मोटारसायकल त्याला नावडती. स्वाराच्या कपड्यांना तेल-चिखल लागू नये म्हणून त्याने इंजिन झाकले, पायांपुढे पत्रा उभा केला. हेतू थोर! पण बिचाऱ्याने पुण्याचा जुलै कुठे पाहिला होता? खालचा चिखल पत्रा अडवील हो. वरच्या पावसाचे काय?

पुढे १९७२ साली बजाजची स्कूटर आली, राणाप्रतापांच्या घोड्याच्या नावाची : चेतक. नंबर लावून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत.

१५७६ साली हळदीघाटात जखमी चेतकाने ओढा ओलांडून धन्याला वाचवले, असे सांगतात. आमच्या वडिलांच्या पिढीत रस्त्याचाच ओढा झाला, की कुठलीही स्कूटर अडे आणि मागे बसलेल्या सौ. म्हणत, "आता ओढा!" मग ती कुशीवर कलवायची, प्लग पुसायचा, पुन्हा किक. पण तिला पाण्यात सोडून कोणी घरी गेल्याचे ऐकिवात नाही. हळदीघाटात घोड्याने धन्याला वाचवले. इथे धनी घोड्याला वाचवी.