नातवाची ड्यूक

परवा नातवाची केटीएम ड्यूक २०० घेऊन रंकाळ्याला एक फेरी मारली. मूळची ड्यूक ऑस्ट्रियाची, १९९४ ची. डांबर आणि माती दोन्हींवर होणाऱ्या सुपरमोटो शर्यतीतल्या गाड्यांच्या वळणाची. २००७ साली बजाजने केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि २०१२ साली चाकणला तयार झालेली ही २०० सीसीची ड्यूक आपल्या रस्त्यांवर आली. वजनाला हलकी, वळणाला चपळ. खड्डे चुकवताना तर विशीत गेल्यासारखं वाटलं!

घरी आलो. सौ.ने मागची चिमुकली सीट पाहिली आणि काही न बोलता आत गेली. १९८५ साली बाजारात आलेल्या हिरो होंडा सीडी १०० वर आम्ही दोघं जोतिबाला जायचो. रोजची गाडी कोणती, हे शेवटी मागे बसणारं माणूस ठरवतं. किल्ली नातवाला परत दिली.