शाळेच्या रेडिओतला सैल कोअर

प्रयोगशाळेतल्या कपाटावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ आपल्या सर्वांना आठवत असेलच. या मेळाव्यासाठी तो दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्याचा इतिहास आणि माझा एक जुना अपराध, दोन्ही उघडे पडले.

मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ३ ऑक्टोबर १९५७ पासून विविध भारती आली आणि रेडिओ घरोघरचा झाला. आपल्या रेडिओची रचना मात्र त्याही आधीची, १९१८ च्या सुमारास एडविन आर्मस्ट्राँग यांनी मांडलेली. कुठलेही केंद्र लावा, त्याची लहर आत एकाच ठरावीक वारंवारतेवर आणली जाते. ती बहुधा ४५५ किलोसायकल असते. ती गाळून घेण्याचे काम ॲल्युमिनियमच्या डबीतला आयएफ ट्रान्सफॉर्मर करतो. त्यातल्या वेटोळ्यात आट्यांचा कोअर आतबाहेर फिरवून तो जुळवतात. कोअर जागेवर राहावा म्हणून मेण किंवा रबराचा धागा असतो. वर्षांनुवर्षांनी तो वाळतो, कोअर सैल होतो, आवाज क्षीण होतो आणि केंद्रे एकमेकांत मिसळतात.

नववीत मी लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घालून हाच कोअर पिळला होता. ड्रायव्हरच्या लोखंडानेच जुळणी बदलते, तो काढला की पुन्हा बिघडते, हे ठाऊक नव्हते. मी पिळतच राहिलो आणि खाचेची कड तुटली. रेडिओ तेव्हापासून पुटपुटतच राहिला. विज्ञानाच्या सरांनी वर्गात विचारले; मी मान खाली घातली.

या वेळी आधी कपॅसिटरमधली साठलेली वीज काढली. प्लग काढला तरी ती राहते. केस वाळवायच्या यंत्राने मेण मऊ केले, प्लास्टिकच्या विणायच्या सुईला धार लावून कोअर बाहेर काढला. सुदैवाने दुसऱ्या टोकालाही खाच होती. तो उलटा करून, आट्यांवर इलॅस्टिकमधला एक बारीक रबरी धागा उभा ठेवून परत बसवला. गोंद लावला नाही. पुढच्या दुरुस्तीला कोअर तुटला असता. मग क्षीण केंद्र लावून, आवाज सर्वांत मोठा येईल तिथे थांबलो.

सर, त्या तुटलेल्या कडेचा धनी मीच. रेडिओ आता बोलतो. उत्तर द्यायला मला मात्र इतकी वर्षे लागली.