रंग, आरसा आणि मोबाइल : सौंदर्याच्या मापाची सव्वाशे वर्षं

मंडळी, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. आपल्या लाखनीच्या भागात रोवणीच्या दिवसांत बाई दिवसभर बांधीत वाकून काम करते. तिचा रंग उन्हानं रापतो. तो रंग म्हणजे तिच्या कष्टाची नोंदच. मग तिच्याच लेकीला बायोडाट्याच्या फोटोतून तो रंग पुसून का टाकावासा वाटतो?

उत्तर तयार असतं : इन्स्टाग्राम. पण बघा, इन्स्टाग्राम आलं २०१० साली. हे दुखणं त्याहून बरंच जुनं आहे.

राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं स्वस्तात घरोघरी गेली. त्याआधी गावातली मुलगी स्वतःची तुलना करायची ती फार तर शेजारणीशी, मावसबहिणीशी. आता एकच गोरा, गोल चेहरा हजारो भिंतींवर लागला. गंमत म्हणजे त्याच घरांत सावळ्या विठ्ठलाचं भजनही चालू होतं. देव सावळा चालतो, सून मात्र गोरी हवी!

पुढचं उदाहरण आणखी बोलकं आहे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. बालगंधर्वांची लुगडी, दागिने, केशरचना पाहून घरंदाज बायका तसा शृंगार करू लागल्या. म्हणजे बाईनं कसं दिसावं, हे एका पुरुष नटानं दाखवलं आणि समाजानं ते मानलं. यातून इतिहास काय सांगतो? सौंदर्याचं माप निसर्गातून येत नाही. कुणीतरी ते घडवतं.

मग ते माप बाटलीत आणि ट्यूबमध्ये आलं. १९१९ साली मुंबईत ‘अफगाण स्नो’ सुरू झालं, १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’. सावळी मुलगी उदास, क्रीम लावलं की नोकरी नाही तर नवरा मिळतो, ही जाहिरात आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सावळ्या माणसाला कमी लेखणारी जाहिरात करू नये, असा नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेनं केला तो २०१४ साली. तोवर दोन पिढ्या ती कथा ऐकत वाढल्या होत्या.

आता मोबाइलनं नवीन काय केलं? भिंतीवरचं चित्र दुसऱ्याचं होतं. नाटक रात्री संपायचं. मोबाइलमधला चेहरा मात्र आपलाच असतो, फक्त फिल्टरनं गोरा आणि गुळगुळीत केलेला. मुलगी आता नटीशी नाही, स्वतःच्याच खोट्या फोटोशी हरते. वर लाइकचे आकडे, म्हणजे हरल्याचा हिशेबही सर्वांसमोर.

हा नुसता म्हाताऱ्यांचा सूर नाही. २०२१ साली फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं सुमारे एक तृतीयांश किशोरवयीन मुलींनी सांगितल्याचं त्यांत होतं. त्या आकड्याचा अर्थ चुकीचा लावला जातोय, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण प्रश्न कंपनीच्या आतही विचारला गेला होता, हे महत्त्वाचं.

आणि जे घडवलं जातं, ते बदलताही येतं. २०२० साली लोकांनी आवाज उठवल्यावर ‘शादी डॉट कॉम’नं त्वचेच्या रंगानुसार स्थळं शोधायची सोय काढून टाकली. त्याच वर्षी ‘फेअर’ हा शब्दही क्रीमच्या नावातून गेला.

आपल्या बायोडाट्यात मात्र ‘वर्ण’ हा रकाना अजून आहे. तो कुठल्या परदेशी कंपनीनं छापलेला नाही. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आपणच तो टाइप करून घेतो. पुढच्या वेळी टाइप करताना ती एक ओळ गाळून बघा. लेकीला तेवढं एक वाक्य कमी ऐकावं लागेल.