सी भाषेतलं ‘ऑफसेटऑफ’ काय काम करतं?

सी भाषेतल्या स्ट्रक्चरमध्ये एखादा सदस्य सुरुवातीपासून किती बाइट अंतरावर आहे, त्याला ऑफसेट म्हणतात. आधीच्या सदस्यांचे आकार मिळवले की तो मिळेल असं वाटतं, पण तसं होतंच असं नाही.

समजा, पहिला सदस्य १ बाइटचा कॅरेक्टर आणि दुसरा ८ बाइटचा डबल आहे. डबलचा ऑफसेट १ येत नाही. ६४-बिट लिनक्सवर तो ८ येतो, तर ३२-बिट इंटेल लिनक्सवर सहसा ४. डेटा प्रोसेसरला सोयीच्या पत्त्यावर बसावा म्हणून कंपायलर मध्ये रिकामे बाइट सोडतो. हेच पॅडिंग. त्यामुळे कोडमध्ये थेट ८ लिहिलं, तर दुसऱ्या मशीनवर प्रोग्राम भलतीच जागा वाचू शकतो आणि कंपायलर इशाराही देत नाही.

शून्य पत्त्यावर स्ट्रक्चर आहे असं मानून ऑफसेट काढायची जुनी युक्ती बऱ्याच ठिकाणी चालते, पण सीचं मानक तिची हमी देत नाही. त्याऐवजी १९८९च्या मानकापासून ‘ऑफसेटऑफ’ हा मॅक्रो आहे. ‘एसटीडी-डेफ’ हेडर जोडायचा, स्ट्रक्चरचा प्रकार आणि सदस्याचं नाव द्यायचं. त्या मशीनवरचा खरा ऑफसेट बाइटमध्ये मिळतो. बिट-फील्डसाठी मात्र तो वापरता येत नाही.