पांढरा भात आणि गरिबांचे जव

अन्न जितकें महाग तितकें तें पौष्टिक, अशी एक समजूत समाजांत फार दिवसांपासून रूढ आहे. तिच्यामुळें बेताच्या मिळकतीच्या कुटुंबास निरोगी आहार ही आपल्या आवांक्याबाहेरची गोष्ट वाटूं लागते. परंतु याच समजुतीपायीं हजारों माणसें मृत्युमुखीं पडल्याचा दाखला इतिहासांत आहे. तो जपानमधील बेरीबेरी या रोगाचा होय.

एडो म्हणजे पुढें टोकियो या नांवानें प्रसिद्धीस आलेलें नगर. तेथील सधन लोक कांडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ खात. खेड्यांतील शेतकऱ्यांच्या वांट्यास मात्र जव, राळे असलीं भरड धान्यें येत. पाय सुजणें, ते बधिर होणें आणि शेवटीं हृदय बंद पडणें हीं या रोगाचीं लक्षणें. आश्चर्य असें कीं, तीं नगरवासीयांतच विशेष दिसत. खेड्यांतून आलेला माणूस तेथें आजारी पडे आणि गांवीं परतला कीं बरा होई. म्हणून लोकांनीं या रोगास ‘एडोची व्याधि’ असें नांव दिलें होतें.

1868 नंतर जपाननें नवें आरमार उभारलें. खलाशांना पोटभर पांढरा भात मिळूं लागला, आणि त्यामागोमाग बेरीबेरीही आली. 1882 च्या अखेरीस ‘र्‍यूजो’ ही युद्धनौका दीर्घ सफरीस निघाली. तिच्यावरील 376 जणांपैकीं 169 जणांना हा रोग झाला व 25 दगावले. लंडनमध्यें शिकून आलेले आरमारी वैद्य ताकाकी कानेहिरो यांनीं दोष अन्नांत आहे असें ताडलें. 1884 मध्यें त्यांच्या आग्रहावरून ‘त्सुकुबा’ ही दुसरी नौका त्याच मार्गानें धाडण्यांत आली. मात्र तिच्यावर मांस, दूध व पाव यांचा पुरवठा केलेला होता. या खेपेस रोगी पंधरा-सोळाच झाले, आणि मृत्यु एकही नाहीं.

पण हा आहार खर्चाचा होता, आणि मांस व पाव खलाशांच्या पसंतीसही उतरेनात. तेव्हां 1885 पासून सोपी तोड निघाली. भातांत जव मिसळण्यास आरंभ झाला. जव हें गरिबांचें आणि तुरुंगांतील कैद्यांचें धान्य. परंतु कांहीं वर्षांतच आरमारांतून बेरीबेरी जवळजवळ नाहींशी झाली.

लष्करानें हा धडा घेतला नाहीं. मोरी ओगाई या नांवानें साहित्यांत गाजलेले मोरी रिंतारो यांच्यासारखे, जर्मनींत शिकलेले लष्करी वैद्य या रोगाचें मूळ अन्नांत आहे हें मानीत नव्हते. शिवाय गरीब शेतकऱ्याच्या मुलाला सैन्यांत रोज पांढरा भात मिळणें हें मोठेंच आमिष होतें. तें काढून घेणें वरिष्ठांस रुचेना. 1904-05 मध्यें रशियाशीं झालेल्या युद्धांत 27 हजारांहून अधिक सैनिक बेरीबेरीनें मेले. आरमारांत मात्र हा रोग नांवापुरताच उरला होता.

ताकाकींचा उपाय बरोबर होता, उपपत्ति चूक होती. प्रोटीनच्या कमतरतेनें हा रोग होतो असें ते समजत. खरें कारण जावा बेटांत उलगडत गेलें. पांढऱ्या भातावर पोसलेल्या कोंबड्यांना असाच रोग होतो व कोंडा दिला कीं त्या बऱ्या होतात, असें डच डॉक्टर आइकमन यांना तेथें आढळलें. या संशोधनाबद्दल 1929 च्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वांटा मिळाला. ज्याला पुढें ब-1 जीवनसत्त्व म्हटलें गेलें, तें तांदुळाच्या वरच्या पापुद्र्यांत व अंकुरांत असतें. दाणा शुभ्र करतांना तेंच निघून जातें.

भारतांतील अनुभवही असाच आहे. आंध्रच्या किनाऱ्यावर गिरणींत सडलेला कच्चा तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी आढळे. उकडा तांदूळ खाणाऱ्यांत ती क्वचितच दिसे. साळ भिजवून उकडली म्हणजे कोंड्यांतील जीवनसत्त्व दाण्यांत मुरतें व गिरणींतही बरेंचसें टिकतें. कोंकण-गोव्यांतील उकड्या तांदुळाची पेज हें म्हणून निव्वळ गरजेपोटीं पत्करलेलें अन्न नव्हे.

भरड धान्य हें गरिबीवरील औषध नाहीं. त्याच्या जोडीला डाळ, पालेभाजी व थोडें दूध हवेंच. आणि तेवढीही मजुरी ज्याला मिळत नाहीं, त्याला आहाराचा उपदेश करणें व्यर्थ आहे. परंतु दाण्याच्या शुभ्रतेसाठीं जादा दाम मोजणें, तो तांदूळ अनेक पाण्यांनीं धुणें आणि भाताचें पाणी ओतून देणें, यांत पैसा व आरोग्य दोन्ही वायां जातात. जपानी खलाशांना वांचविणारें धान्य बाजारांतलें हलकें धान्य होतें. सैनिकांचा घात करणारा भात त्यांना मानाचा म्हणून वाढला जात होता.