खर्जातली खरखर

पहाटे राजगड चढायचा म्हणून आदल्या रात्रीच गुंजवण्यात मुक्कामाला पोचलो. गावात कुणाच्या तरी हळदीचा डीजे चालू होता. गाणं कुठलं ते कळत नव्हतं. कळत होता तो फक्त खर्जातला घोगरा, घासल्यासारखा आवाज. झोपेचं खोबरं झालं. 'हे काय संगीत आहे?' असं पुटपुटत पडलो होतो.. मग वाटलं, हा आवाज आला तरी कुठून?

त्याचा एक धागा थेट मुंबईत जातो.

जपानच्या रोलँड कंपनीनं १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ नावाची छोटी पेटी काढली. एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस गिटार मिळावी, एवढाच हेतू. नक्कल काही जमली नाही. १९८४ मध्ये पेटी बंद!

आतली करामत मात्र साधी. करवतीच्या दातांसारखी लहर घ्यायची. तिच्यात वरचे स्वरांश भरपूर असतात. फिल्टर ते छाटतो, आणि रेझोनन्स वाढवला की जिथं छाटतो नेमका तिथलाच स्वरांश उसळून येतो. वाजता वाजता ही बटणं फिरवली की आवाज गुरगुरायला लागतो. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय. म्हणजे आपली मींडच की!

हिंदी सिनेमासाठी वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी हे हेरलं. १९८२ मध्ये त्यांनी ही पेटी, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन भैरवी, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं तबकडी काढली. ती फारशी कुणी घेतली नाही.

पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रिकुटानं त्याच पेटीची बटणं पिळून 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि 'ॲसिड हाऊस' जन्माला आलं. मुंबईची तबकडी एका डच संग्राहकामुळे २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगानं कान टवकारले. सिंग २०१५ मध्ये गेले. म्हणजे कौतुक ऐकायला मिळालं, पण जवळजवळ तीस वर्षांनी.

आपल्याच गावातला आवाज आपल्याला परदेशातून कळावा, याचं वाईट वाटतं. पण त्यांना दोष तरी कुठल्या तोंडानं देऊ? त्या रात्री मीही तेच करत होतो. रात्री-अपरात्रीच्या गोंगाटाचा राग खराच, पण आवाजाचा पोत ही गोष्ट निराळी. ती न ऐकताच मी निकाल देऊन मोकळा झालो होतो.

पहाटे चोरदरवाज्याची वाट चढताना सगळं शांत होतं. कानात मात्र ती खरखर चालूच होती. या वेळी मी ती ऐकली.